सात नंबरचं कार्ड

५ ऑक्टोबर १९९८, सोमवार

डायरी पुन्हा सुरू करते आहे. अहवालात जे लिहिता येत नाही ते कुठेतरी ओकून टाकावं लागतं. मालेगावात तीन वर्षं यंत्रमाग कामगारांच्या छात्या तपासल्या, कापसाच्या धुळीने दम कसा कोंडतो ते आकड्यांनिशी मांडलं, आणि तो अहवाल आज कुठल्या कपाटात आहे हे कुणालाच सांगता येत नाही. लोक विचारतात, तुम्ही डॉक्टर ना, मग दवाखाना का नाही टाकत? आई शेजारणींना सांगते, "आमची ललिता आजारी माणसं मोजते." तिचं काही चुकत नाही. अकरा वर्षं मी तेवढंच केलंय.

आता द्राक्षं. छाटणी झाली की डिसेंबर संपेपर्यंत दिंडोरीकडच्या बागांत जवळजवळ रोज कसली ना कसली फवारणी असते. हे औषध अंगात भिनलं की रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं द्रव्य घटतं. ते फवारणीआधी एकदा मोजायचं, ऐन हंगामात एकदा आणि हंगाम संपल्यावर एकदा. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच. सहा मळे, साठ माणसं. मुंबईचे सर माझे मार्गदर्शक आहेत, ते म्हणाले, "ललिता, या वेळी कुणाला बोट दाखवायला जागा ठेवू नकोस." नाही ठेवणार.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

पुंजाबापूंच्या मळ्यावर पहिलं रक्त घेतलं. बापू माणूस भला आहे. फवारणीच्या वेळी स्वतः बांधावर उभे राहतात, नाकाला उपरणं लावून, आणि त्याला संरक्षण समजतात.

त्यांच्याकडे हरसूलकडची टोळी आहे. दर वर्षी भातकापणी घरच्या बायकांवर सोडून ही माणसं खाली येतात आणि बागेचं काम उक्तं, म्हणजे ठरलेल्या ठोक रकमेत घेतात. टोळीचा मुकादम सावळीराम. त्याने माणसं माझ्यापुढे ओळीत उभी केली. "दहा सांगितली, दहा हायेत. मोजून घ्या." मी नावं माझ्या वहीत लिहिली आणि प्रत्येकाच्या हातात फक्त क्रमांकाचं कार्ड दिलं. प्रयोगशाळेला नाव कळता कामा नये. पुढच्या वेळी तेच कार्ड घेऊन यायचं.

सात नंबर बुधा, आठ नंबर त्याचा धाकटा भाऊ झिपरू. एक दिवस बुधा फवारणीची गन धरतो आणि झिपरू मागून नळी ओढतो, दुसऱ्या दिवशी उलट. सुई टोचताच बुधाला भोवळ आली, एवढा मोठा गडी खाटेवर आडवा. झिपरूने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "माझा भाऊ बिबट्याला भीत नाय, सुईला भितो." सगळे खदखदून हसले. आमचा तंत्रज्ञ मनोजही हसला, जो सहसा हसत नाही.

निघताना बघितलं तर झिपरू ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून औषध ढवळत होता. काठी घ्या म्हटलं. "काठीनं गुठळ्या राहत्यात, बाई." मी वहीत नोंद केली. ढवळणं थांबवायचा मला अधिकार नाही. मी फक्त बघायला आलेली आहे, हे सरांनी तीनदा सांगितलंय.

२ नोव्हेंबर, सोमवार

आईने विचारलं, ज्यांचं रक्त काढतेस त्या माणसांची नावं काय? मी म्हटलं, साठ जण आहेत, आई. ती म्हणाली, बालवाडीत माझ्याकडे सत्तर पोरं होती.

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी फेरी. काय छान पार पडली! थंडी मी म्हणत होती, सगळे कानटोप्या घालून, घोंगड्या पांघरून आले. अशा सकाळी मला ही माणसं सारखीच दिसतात. हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे कबूल करायची हिंमत नाही. पण दहा कार्डं, दहा दंड, पाऊण तासात काम संपलं.

सात नंबरने या वेळी हूं की चूं केलं नाही. गेल्या खेपेला सुई बघून आडवा झालेला माणूस आज हात पुढे करून दुसरीकडे गप्पा मारत होता. मनोजला म्हटलं, बघ, माणसं शिकतात, आपल्यावर विश्वास बसला की भीती जाते. मला फार बरं वाटलं. मालेगावात हे मला कधी जमलं नव्हतं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

आकडे आले. बहुतेकांचे ऑक्टोबरच्या मानाने ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर आहेत. घट आहे, पण सोसण्यासारखी. आठ नंबर एकशे चार टक्के! हात घालून ढवळणारा हाच तो झिपरू, आणि याचं वाढलंय. शरीराचं काही सांगता येत नाही. पुस्तकातही दहा टक्के इकडेतिकडे चालतं म्हणून लिहिलंय.

आणि सात नंबर अडतीस.

तीनदा वाचलं. मनोजला पुन्हा मोजायला लावलं. अडतीसच. असा माणूस आणखी पंधरा दिवस गन धरून चालला तर मरेल.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "मधेच एकाला काढलंस तर अभ्यासाचा आकार बिघडतो. आणि एकाला सांगितलंस की साठांना सांगावं लागेल." मी म्हटलं, सर, अडतीस. त्यांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "मी काही ऐकलं नाही असं समज."

२१ नोव्हेंबर, शनिवार

वही उघडली, सात नंबरपुढचं नाव बघितलं आणि बापूंच्या मळ्यावर गेले. झिपरू बागेत होता. बुधाला, बापूंना आणि सावळीरामला शेडमध्ये बोलावून सांगितलं की बुधाच्या रक्तात औषध भिनलंय, त्याने दोन महिने फवारणीजवळ फिरकायचं नाही.

बुधा हबकला. "पन बाई, मी ठनठनीत हाय."

"तुम्हाला जाणवत नसेल. रक्तात दिसतं."

सावळीरामने मान डोलावली. "खरं असंल. पैल्या खेपेलाच हा पडला व्हता ना. तेवाच बाईंना कळलं असंल."

बुधाने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "हां, त्या दिशी पडलो व्हतो खरा." मग त्याने फार गयावया केली. घडांच्या विरळणीला लावा, पाणी भरायला लावा. पण बाग सगळी औषधाने भिजलेली, मी हटून बसले. बापूंच्या नावाने चिठ्ठी लिहिली: फवारणीच्या कामास लावू नये. खाली सही केली. दुपारच्या एसटीने तो गेला.

परत येताना दिंडोरीच्या नाक्यावर गाडी थांबवून चहा घेतला. मनोजला म्हटलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या आकड्याने एक माणूस घरी जिवंत गेला. मालेगावचं कपाट, सरांचा फोन, सगळं आज फिटलं. मी खूश आहे. उगाच विनय कशाला?

२८ नोव्हेंबर, शनिवार

प्रश्नावली भरायला मळ्यावर गेले होते. आता झिपरू रोजच गन धरतो. नळी ओढायला टोळीचा स्वयंपाकी यादव. मी सावळीरामला विचारलं, दुसरा माणूस का नाही आणला?

"उक्तं घेतलंय, बाई. एक हात कमी झाला म्हून काम थोडंच कमी व्हतं? भावाचं भावानं करायचं. आमच्यात तसंच हाय."

झिपरू माझ्याकडे बघून हसला. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता. बोलता बोलता सारखा थुंकत होता, म्हणाला, "डोळ्याम्होरं धुकं धुकं वाटतं." मी म्हटलं, अहो, धुकं आहेच! होतंही. त्याची बायको मैना भातकापणी उरकून आली होती, शेजारीच घड विरळत होती, ती म्हणाली, "रातचा हातपाय झाडतो हा." झिपरू म्हणाला, "सपनात भात झोडतो."

गाडीत मनोज म्हणाला, "मॅडम, याचं एकदा परत घ्यायचं का?" मी वही उघडून दाखवली. आठ नंबर, एकशे चार. साठांत सगळ्यात चांगला. तपासणीचे संच मोजके आहेत आणि तिसरी फेरी जानेवारीत ठरली आहे. मी नाही म्हटलं.

४ डिसेंबर, शुक्रवार

झिपरू गेला.

दुपारी ओळीत पडलेला सापडला, तोंडाला फेस. बापूंनी स्वतःच्या जीपमधून आधी दिंडोरीला, मग नाशिकला सरकारी दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. पापणी उघडून बघितली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, याच औषधाची खूण.

५ डिसेंबर, शनिवार

हवालदार म्हणाले, "औषध प्यालेला दिसतो." मी म्हटलं, हा रोज फवारायचा, कामातूनच भिनलं असेल. ते म्हणाले, "प्यालं तरी तेच निघणार आणि उडालं तरी तेच निघणार, मॅडम. तुम्ही रक्त तपासता ना या लोकांचं? बापू सांगत होते. याचं काय आलं होतं?"

आठ नंबर. तीन आठवड्यांपूर्वी एकशे चार टक्के. मी खोटं बोलू शकले नाही. त्यांनी आकडा लिहून घेतला आणि माझी सही घेतली. मी म्हटलं, एका दिवसात खूप उडालं तरी असं होऊ शकतं. "मग नळी ओढणाऱ्याला का नाही झालं?" पंचनाम्यात 'विषारी औषध प्राशन' असं आलं.

आणि माझा स्वतःचाही त्यावर अर्धा विश्वास बसला. मैना व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ बसून विचारलं, घरात काही भांडण झालं होतं का? तिने माझ्याकडे इतक्या शांतपणे बघितलं की मी खाली मान घातली. "त्याला भांडता येत नव्हतं, बाई. मी रागावले की हसायचा."

मी हे का विचारलं? कारण आकडा चूक असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

९ डिसेंबर, बुधवार

डोक्यात आलं. मनोजवर ओरडले, रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल केली असशील म्हणाले. फ्रीझरमधला उरलेला नमुना काढून त्याने माझ्यासमोर मोजला. एकशे तीन.

म्हणजे चूक आमची नव्हती. मला सुटल्यासारखं वाटलं आणि पाठोपाठ स्वतःची किळस आली. सर म्हणाले, आठ नंबर वगळून टाक, मधेच गळालेला म्हणून. त्यांचा आवाज दमलेला होता.

बापूंनी सांगितलं की मैना पाड्यावर परत गेली. तिकडे लोक बोलतात की बायकोपायी प्याला. तिने बापूंच्या तोंडी निरोप धाडलाय: तो प्याला नाही असं बाईंनी कागदावर लिहून द्यावं. कसं लिहू? माझ्याकडे पुरावा आहे तो उलटा.

३१ डिसेंबर, गुरुवार

आज काही लिहिण्यासारखं नाही. बुधा तरी वाचला, असं स्वतःला बजावते आहे. दिवसातून दहा वेळा तरी बजावत असेन.

९ जानेवारी १९९९, शनिवार

तिसरी फेरी. सावकाश, क्रमाने लिहिते.

बुधा आला होता. त्याला घरी बसून दीड महिना झाला, तरी रक्त द्यायला पाड्यावरून हरसूलपर्यंत चालत आणि पुढे एसटीने. मला बघताच वाकून नमस्कार केला. "तुमी घरी धाडलं म्हून मी हाय, बाई. नायतर आईची दोन्ही पोरं गेली असती." मला भरून आलं. खोटं का सांगू, गेल्या महिन्याभरात ऐकलेलं हे एकच चांगलं वाक्य होतं.

मग त्याने दोन कार्डं पुढे केली. सात आणि आठ.

"झिपऱ्याचंबी मीच देतो. दहा पुरी व्हायला पायजेत ना तुमची."

मी म्हटलं, नाही हो बुधा, त्याचं आता कोण कसं देणार?

"का बरं? त्यानं नव्हतं का माझं दिलं, मागच्या खेपेला? मला भोवळ येती म्हून. म्हनला, दादा तू बस, तुझं मी देतो. अन् त्याचं यादवनं दिलं, यादवकडं कार्ड नव्हतं. एकाच मानसाचं दोनदा काढायला नको म्हून."

मनोजच्या हातातली सुई तशीच राहिली. मी सावळीरामकडे बघितलं. त्याला यात काही वावगं दिसत नव्हतं. "आवं, एकाच मानसाचं किती काढायचं? ज्याच्या अंगात जोर हाय त्यानं द्यायचं. जड काम आमी वाटूनच घेतो. तुमाला दहा पायजे व्हती, दहा दिली का नाय?"

दिली. मोजून दिली.

अडतीस टक्के झिपरूचे होते. मी धडधाकट माणसाला घरी पाठवलं आणि त्याचं काम अडतीस टक्केवाल्याच्या अंगावर टाकलं. माझ्या सहीने. यादव स्वयंपाक करतो, फवारणीजवळ जात नव्हता, म्हणून एकशे चार. आणि तो आकडा मी हवालदारांना दिला. तीही माझी सही.

बुधाला यातलं काही कळलेलं नाही. त्याला अजून वाटतं की मी त्याचं पहिलं रक्त बघून ओळखलं. त्याने दोन्ही बाह्या वर सारल्या होत्या. "पैलं कोनचं घेता, माझं का त्याचं?"

मी म्हटलं, आज कुणाचंच नको. त्याला वाटलं मी रागावले. गाडीपर्यंत मागे मागे आला, काय चुकलं ते सांगा म्हणत. मी काच वर केली. याहून हलकट काम मी आयुष्यात केलं नसेल.

११ जानेवारी, सोमवार

सकाळी सरांना फोन. ते म्हणाले, "एका मळ्यावर वाटून घेतलं तर सहाही मळ्यांवर वाटून घेतलं असेल. टोळ्या सगळीकडे त्याच. तुझ्याकडे साठ कार्डं आहेत, माणूस एकही नाही." ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी लेखी जबाब घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी तो दोनदा वाचला, चहा मागवला. त्यांना माझी दया आली असावी. "म्हणजे मॅडम, तुमच्या कार्डावर ज्याचं नाव, त्याचं रक्त नाही. मग तुमचा कुठला कागद खरा धरायचा? आधीचा का हा?" मी म्हटलं, हा. "अन् याला पुरावा?" टोळीचा शब्द. त्यांनी जबाब फायलीत लावून घेतला. तो तिथेच राहणार हे त्यांना आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं.

१७ जानेवारी, रविवार

काल आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती समजूत घालेल. ती म्हणाली, "मला काय सांगतेस? तिला जाऊन सांग."

आज पाड्यावर गेले. हरसूलपासून पुढे गाडी जात नाही. एकटीच चालले. मैना अंगणात नाचणी पाखडत होती, बुधा कुडाला शेण लावत होता, त्यांची म्हातारी आई उन्हात बसलेली.

मी मैनाला म्हटलं, "तो प्यायला नव्हता."

तिने सूप खाली ठेवलं. "म्या कवाच सांगितलं व्हतं."

"हो. आता मलाही कळलंय."

"मंग लिवून द्या."

मी सांगितलं की या कागदाला पोलिसांत, सरकारात, कुठेच किंमत नाही. ती म्हणाली, पोलिसांचं काय करायचंय, मला हितं दावायचाय. मी तिथेच बसून लिहिलं. तिने तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि परत दिला. "मोठ्यानं वाचा. समद्यांनी ऐकू द्या." आणि तिने घराघरांपुढे जाऊन हाका मारल्या. बाया आल्या, म्हातारे आले. बुधाही हात धुऊन आला आणि समोर येऊन बसला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय लिहून बसले आहे. बुधाबद्दलचं ते वाक्य गाळलं तर कागदात काही उरत नव्हतं. मैना माझ्याकडे बघत उभी होती.

मी वाचलं. झिपरू औषध प्यालेला नव्हता. चौदा नोव्हेंबरला सात नंबरच्या, म्हणजे बुधाच्या कार्डावर झिपरूने रक्त दिलं. त्या रक्तात औषध भिनलेलं होतं, कामावरून घरी झिपरूला पाठवायला हवं होतं. मी तपास न करता बुधाला पाठवलं. त्यानंतर बुधाच्या वाट्याचं कामही झिपरूने केलं आणि त्याने तो मेला. चूक माझी आहे. डॉक्टर ललिता गांगुर्डे.

बायांमध्ये कुजबूज झाली. एका म्हाताऱ्याने मैनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली. मला कुणी शिवीसुद्धा दिली नाही.

बुधा तसाच बसून होता. तो म्हणाला, "मंग माझ्या रगतात काय व्हतं?"

"काही नव्हतं, बुधा. तुम्ही चांगले होता."

त्याने मान हलवली, समजलं नाही अशी. मग म्हणाला, "परत वाचा, बाई."

मी परत वाचलं.